कर्नलला वय विचारू नका!

ओपनएसएसएल १.१.१ कंपाईल करताय आणि एएफ-अल्ग इंजिनला कर्नल हेडर्स ४.१.० तरी हवेत अशी वॉर्निंग येतेय? युनेम तर ५.१५ दाखवतंय! मंडळी, कर्नल अपग्रेड करायला धावू नका. कॉन्फिगर स्क्रिप्ट चालू कर्नलचा आकडा बघते, कंपायलर हेडर्समधला. सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये कर्नल होस्टचा, हेडर्स ३.१० चे. जमणार कसं? इंजिन नको असेल (बहुतेकांना नकोच असतं) तर कॉन्फिगर करतानाच बंद करा.

पण मुळात आकड्यावर भरवसा ठेवायचाच कशाला? रेड हॅट जुन्या आकड्याच्या कर्नलमध्येही नव्या सोयी बसवते. २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० आलं, तर आकडे तपासणाऱ्या प्रोग्रॅम्सपायी कर्नलला २.६ चं सोंग घ्यायची सोय करावी लागली! त्यापेक्षा सरळ सिस्टिम कॉल करून बघा ना. नसेल तर कर्नल 'इनोसिस' म्हणून मोकळा होतो.