आबा त्यांच्या बागेत दिसू द्या

आपण आई-वडिलांना इथे कॅनडात बोलावतो ते बहुधा बाळंतपणाला, नाहीतर पाळणाघराचा खर्च झेपत नाही म्हणून. मीही बोलावलं. 2022 पासून सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. त्यासाठी किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा लागतो, तो काढला. बदनापूर तालुक्यातलं आमचं गाव सोडून दोघं ऐन जानेवारीत टोरांटोला आले आणि पाच महिने राहिले. आईने नातवाला भरवलं, निजवलं, काही कमी केलं नाही. पण ते गेल्यावर एक गोष्ट मला खुपत राहिली. माझ्या तीन वर्षांच्या मुलाने आबांना पाहिलं ते रस्ता ओलांडताना बिचकणारे, दुकानात गप्प उभे राहणारे, बर्फावरून माझा हात धरून चालणारे. ज्यांच्याकडे गावातली माणसं सल्ला विचारायला येतात, ते आबा त्याला दिसलेच नाहीत.

म्हणून माझं म्हणणं आहे की आजी-आजोबांना इथे आणण्यासाठी आपण जेवढा जीव टाकतो, तेवढा लेकरांना तिकडे ठेवण्यासाठी टाकावा. भेटायला नेण्यासाठी नव्हे, ठेवण्यासाठी. पंधरा दिवसांत दहा घरचे पाहुणचार, एखादं लग्न, शिर्डी नि वेरूळ उरकून परतलेल्या लेकराला आजी कळणार कधी?

लेकरू आजीपाशी ठेवणं आमच्या जिल्ह्याला नवं नाही. मंठा, परतूर, घनसावंगीकडची जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल फेडायला. शाळेतली कितीतरी लेकरं मग हंगाम संपेपर्यंत म्हातारा-म्हातारीपाशी असतात. ती ताटातूट पोटासाठी आहे, तिचं कौतुक करू नये, आणि आपल्या सुखवस्तू अडचणी तिच्या शेजारी मांडायला मला संकोच वाटतो. पण ते पाहत मोठी झाल्यामुळे, सुट्टीत महिनाभर आईवेगळं राहिल्याने लेकरू कोमेजतं, ही भीती मला पटत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलाला घेऊन गावी गेले. पाच वर्षांचा झाला होता. मोसंबीची फळगळ सुरू होती. वडिलांनी झाडाखालचं एक फळ उचलून त्याच्या हातात दिलं आणि सालीवरचं टाचणीएवढं भोक दाखवलं. "दाब." दाबल्याबरोबर रसाची बारीक चिळकांडी उडाली. रात्री पतंग येतो, सोंड खुपसून रस पितो, मग फळ सडून गळतं, असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी दोघांनी बागेत धूर केला. सकाळी गळलेली फळं टोपल्यात भरून खड्ड्यात पुरली. मुलगा दिवसभर त्यांच्या मागे, आणि वडिलांना कुठेही माझा हात धरावा लागत नव्हता.

अडचणी मला ठाऊक आहेत. तिकीट महाग आहे, लेकरू आजारी पडेल ही धास्ती असते. माझ्या गावी भाऊ-भावजय आहेत म्हणून मला हे जमतं; ज्यांचे आई-वडील थकलेत किंवा शहरात एकटेच राहतात, त्यांना मी हा आग्रह करणार नाही. पण उन्हाचं कारण मात्र टिकत नाही. इथली शाळेची सुट्टी जुलै-ऑगस्टची, तेव्हा मराठवाड्यात पाऊस असतो, पिकं डोलत असतात आणि पोळा जवळ आलेला असतो.

व्हिडिओ कॉल पुरेसा आहे, असंही सांगतात. आमचा कॉल पूर्वी "जेवलास का" आणि "टाटा कर" यापलीकडे जात नसे. दोघांना सांगण्यासारखं एकत्र काही घडलंच नव्हतं. आता उन्हाळ्यात इथे रात्रीचे आठ वाजले की तिकडे पहाटेचे साडेपाच असतात, वडील बागेत निघालेले असतात, आणि मुलगा विचारतो, "आबा, आज किती गळाली?" ते फोन झाडाखाली धरतात आणि दोघं मोजायला लागतात.

येत्या जुलैत तो सहा आठवडे तिथे असेल. पहिले दोन मी सोबत राहीन.