शक कोणाचा?

पाडवा झाला की आमच्या नातेपुत्याला शिखर शिंगणापूरच्या यात्रेचे वेध लागतात. यंदा पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून झाली, कडुनिंबाची पाने चावून झाली आणि नेहमीप्रमाणे मी नवे पंचांग उघडून बसलो. सातवीतल्या नातवाने 'शालिवाहन शक' ही अक्षरे वाचली आणि विचारले, "आजोबा, शालिवाहनाने शकांना हरवलं असं तुम्हीच सांगता ना? मग आपण वर्षं शकांची का मोजतो?"

तीस वर्षांहून अधिक काळ मी इतिहास शिकवला, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. खरे सांगायचे तर मी तेवढा वावच ठेवला नव्हता. 'सातवाहनांच्या ऱ्हासाची कारणे लिहा.' पाच गुण, पाच मुद्दे, संपले! आणि दर पाडव्याला मातीच्या सैन्यात प्राण फुंकणाऱ्या शालिवाहनाची गोष्ट रंगवून सांगायची. गोष्ट आणि इतिहास यांतला फरक मात्र सांगायचा राहिला.

वाचकहो, आता तो सांगतो.

सातवाहनांचा उदय पाहायचा तर जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावे. तिथे नागनिका राणीचा लेख आहे, यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे. शेजारी राजकुटुंबाचे पुतळे होते. पुतळे गेले, वरची नावे तेवढी उरली. पुढे क्षहरात कुळातल्या नहपान या क्षत्रपाने नाशिक-जुन्नरचा मुलूख घेतला. तो गौतमीपुत्र सातकर्णीने परत जिंकला. नाशिकच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री अभिमानाने सांगते की, माझ्या मुलाने क्षहरातांचा निर्वंश केला.

पण १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३ हजारांहून अधिक नाणी! त्यांतल्या सुमारे ९ हजार नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. नाणी वितळवली नाहीत. चांदी तीच, खाली नहपान, वर सातकर्णी.

शकाचेही तसेच झाले. इ.स. ७८ पासूनची ही कालगणना आपल्याकडे चालवली ती चष्टन, रुद्रदामन या क्षत्रपांनी. सातवाहन आपल्या लेखांत राजाच्या कारकिर्दीचे वर्ष घालत. राजा बदलला की पुन्हा एकपासून सुरुवात! शकांची मोजणी मात्र अखंड चालली. सोयीची होती म्हणून लोकांनी ती ठेवली आणि कित्येक शतकांनी तिच्यावर शालिवाहनाचे नाव चढवले. म्हणजे आपले पंचांग हे जोगळटेंभीचे नाणेच की!

आणि ऱ्हास? रुद्रदामन जुनागढच्या लेखात म्हणतो की, सातकर्णीला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे मी त्याला संपवले नाही. कान्हेरीच्या लेखावरून दिसते की महाक्षत्रपाची मुलगी सातवाहनांच्या घरात राणी होती. कालचे वैरी आज व्याही! पुढे यज्ञश्री सातकर्णीने राज्य पुन्हा सावरले. त्यानंतर घराण्याच्या शाखा फुटल्या आणि तिसऱ्या शतकात नाशिककडे आभीर, आंध्रात इक्ष्वाकू उभे राहिले.

मला आता सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव ठेवली. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. भिक्षूंचा खर्च त्या व्याजातून चालायचा. पुढे सातवाहन आले, गेले. आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात त्याच लेण्यांत पुन्हा लेख कोरला गेला. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्या, त्या पुन्हा श्रेणींकडेच. त्यांत तेल्यांचीही श्रेणी होती. राजे बदलले तरी पैसा ठेवायला भरवशाची जागा विणकरांची आणि तेल्यांचीच! मी शिकवलेल्या पाच मुद्द्यांत ही माणसे कुठेच नव्हती.

आपल्या पूर्वजांनी शत्रूची कालगणना वापरली हे सांगताना काही जणांना कमीपणा वाटतो. पाडव्याला पारावर हे बोललो तर एक जण म्हणालाच, "सर, सणाच्या दिवशी कशाला?" मला मात्र यात कमीपणा दिसत नाही. उपयोगी ते ठेवून घेणे आणि त्याला आपलेसे करणे, यालाही शहाणपण लागते. ते लपवून मुलांना नुसता विजय शिकवला तर मुले प्रश्न विचारायचे थांबतात. माझ्या वर्गात तेच झाले.

नातवाला म्हणालो, "बाळा, वर्ष शकांचं, नाव आपलं, आणि आता दोन्ही आपलंच."

तो म्हणाला, "मग हे पुस्तकात का लिहीत नाहीत?"

असो. निदान या वयात मला विद्यार्थी तरी चांगला मिळाला!