गीतकार शांताबाईंना दुय्यम ठरवू नका

शांता शेळके यांच्याविषयी एक मत चांगलेच रुळले आहे. बाई मूळच्या कवयित्री. गाण्यांच्या मागे लागल्या आणि त्यांच्यातली कविता मागे पडली, असे ते मत. चालीवर शब्द बसवणे ही कारागिरी, कविता मात्र आतून येते, हा त्याचा आधार. मला हे साफ अमान्य आहे.

‘तोच चंद्रमा नभात’ घ्या. त्याचे मूळ शीलाभट्टारिकेच्या नावावर असलेल्या संस्कृत श्लोकात आहे. तिथे बोलते ती स्त्री. प्रियकर तोच, चैत्राच्या रात्री त्याच, तरी तिचे मन रेवाकाठच्या जुन्या भेटींकडे ओढ घेते. शांताबाईंनी हे बोलणे पुरुषाच्या तोंडी दिले आणि त्या ओढीच्या जागी प्रीतीच ओसरल्याची जाणीव आणली. श्लोकातल्या स्त्रीला निदान आठवायला रेवाकाठ आहे. गाण्यातल्या पुरुषाजवळ सगळे आहे आणि काहीच उरलेले नाही. सुधीर फडक्यांच्या आवाजात हे दुःख घरोघरी पोचले. इतका मोठा अर्थपालट करणारीला कारागीर म्हणून बाजूला सारता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मागणीबरहुकूम लिहिताना स्वतःचा आवाज हरवतो. इंदापुरात जन्मलेली, पुण्यात शिकलेली ही मराठीची प्राध्यापिका ‘मी डोलकर’मध्ये कोळ्यांच्या बोलीत लिहिते. ‘हे बंध रेशमाचे’ नाटकासाठी ‘काटा रुते कुणाला’ लिहिते, तेव्हा गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकींच्या आलापांना मोकळी जागा राहील इतके मोजके शब्द ठेवते. दुसऱ्याच्या जिभेवर सहज बसतील असे शब्द देणे फार थोड्या कवींना जमते. गदिमा, सावळाराम, खेबूडकर या गीतकारांच्या काळात, बहुतेक पुरुषांच्याच असलेल्या या क्षेत्रात, बाईंनी ते वर्षानुवर्षे केले. ‘वसंत अवसरे’ हे टोपणनाव त्यांनी वापरले खरे, पण ही गाणी त्यांच्या स्वतःच्याच नावावर आहेत.

आणि कविता मागे पडली, ती नेमकी कधी? ‘गोंदण’ १९७५चा, ‘अनोळख’ १९८६चा. म्हणजे गाजलेली कितीतरी गाणी लिहून झाल्यावर हे संग्रह आले. गीतलेखनाने त्यांची कविता सुकवली नाही. शब्दांची काटकसर शिकवली, असे मी म्हणेन.

शांताबाईंच्या कवितेवर लिहिणाऱ्यांनी ‘गोंदण’शेजारी त्यांची गीतेही ठेवावीत. ती वगळून केलेले मूल्यमापन अपुरे आहे.