बांधले की बांधवून घेतले?

अमेरिकेतील शाळांना मार्च-एप्रिलमध्ये आठवडाभराची वसंतातली सुट्टी लागते, आणि त्या सुट्टीत ज्या गावांकडे कुटुंबांचे लोंढे वळतात त्यांत दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन हे एक. १६७० साली वसलेले हे बंदर मुलांना घेऊन हिंडण्यास अगदी योग्य : रेनबो रो नावाची रंगीत घरांची ओळ, एका बाजूस लांबलचक व्हरांडा असलेली अरुंद घरे, अझेलियाचा बहर, घोडागाड्या, आणि १२ एप्रिल १८६१ रोजी ज्याच्यावर तोफा डागल्या गेल्याने यादवी युद्धास तोंड फुटले तो फोर्ट सम्टर. तेथे जाऊन आलेल्या मराठी कुटुंबांनी लिहिलेली प्रवासवर्णने वाचनीय असतात. त्यांतले एक क्रियापद मात्र मला दर वेळी अडवते : ‘बांधले’.

मीटिंग स्ट्रीटवरील नॅथॅनिएल रसेलचे घर घ्या. ते १८०८ साली पूर्ण झाले. आधाराविना तीन मजले वळत जाणारा त्यातील जिना पाहून लहानथोर थक्क होतात. रसेलच्या संपत्तीत गुलामांच्या व्यापाराचा वाटा होता. योगायोग असा की, आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर अमेरिकेत कायद्याने बंदी आली ती त्याच वर्षाच्या १ जानेवारीस. ‘रसेलने घर बांधले’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहे, आणि तरीही खोटे. मराठीला प्रयोजक क्रियापदाची सोय आहे. बांधणे आणि बांधविणे यांत कर्ता कोण आणि करविता कोण हे आपली भाषा एका प्रत्ययाने सांगू शकते. इंग्रजीला ही सोय इतकी सहज नाही, म्हणून तेथील वाटाड्याने कर्ता गाळला तर एकवेळ समजू शकते. आपण का गाळावा? (‘शाहजहानने ताजमहाल बांधला’ हे आपण पाठ्यपुस्तकात शिकलो, हे त्याचे उत्तर असू शकेल. असो.)

हा गाळलेला कर्ता चार्ल्सटनमध्ये अक्षरशः हाताला लागतो. जुन्या भिंतींतील काही विटांवर बोटांचे ठसे आहेत. विटा ओल्या असताना उचलणाऱ्यांचे ते ठसे, आणि त्यांतले काही इतके लहान की ते मुलांचेच असावेत. ज्या भातशेतीवर ही श्रीमंती उभी राहिली तिचे बांध, तिची भरती-ओहोटी सांभाळणारी दारे हेही त्याच हातांचे काम होते. कोकणातील खाजणे पाहिलेल्यास त्यात किती कसब आणि किती चिखल असतो हे सांगावयास नको. पश्चिम आफ्रिकेच्या भातपिकाऊ भागांतून आलेल्या लोकांनी ते कसब सोबत आणले होते.

यावर ठरलेला आक्षेप असा की, सुट्टीत मुलांच्या मनावर असले ओझे नको. मला तो मान्य नाही. लहानांना ओझे वाटेल अशी गोष्ट आणि लहानांना सांगता येणार नाही अशी गोष्ट या दोन निराळ्या आहेत. रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट कोणत्या मुलास आवडणार नाही? १३ मे १८६२ च्या पहाटे या गुलाम सुकाणूधारकाने ‘प्लँटर’ ही दक्षिणेच्या सैन्याची बोट याच बंदरातून पळविली. कप्तानाची गवती टोपी घालून, सर्व ठाण्यांना ठरलेल्या खुणेच्या शिट्ट्या देत, बायकामुलांसह तो फोर्ट सम्टरच्या तोफांखालून निसटला आणि पुढे अमेरिकी काँग्रेसचा सदस्य झाला. फोर्ट सम्टरला नेणाऱ्या बोटीत बसल्यावर ही गोष्ट सांगावी. त्याच पाण्यावर घडलेली आहे.

साहित्याच्या वाचकाची खरी परीक्षा होते ती सलिव्हन्स बेटावर. एडगर अॅलन पो १८२७-२८ मध्ये खोट्या नावाने सैनिक म्हणून येथील फोर्ट मौल्ट्री किल्ल्यात होता आणि ‘द गोल्ड-बग’ (१८४३) ही त्याची कथा याच बेटावर घडते. बेटावरील रस्त्यांनाही त्याच्या साहित्यातली नावे आहेत. पण अठराव्या शतकात जहाजांतून उतरविलेल्या आफ्रिकी माणसांना विक्रीपूर्वी रोगराईच्या भयाने येथेच डांबून ठेवीत. पोच्या कथेत वाळू आहे, मर्टलची झुडपे आहेत, गुप्तलिपी आहे. यातले काही नाही. आहे तो ज्युपिटर, मुक्त होऊनही मालकास न सोडणारा आणि ज्याच्या बोलण्यास आपण हसावे अशी अपेक्षा असलेला सेवक. कथेच्या रचनेचे कौतुक मीही करतो, पण वर्गात ती शिकविताना बेटाचा हा इतिहास वगळणे मला आळस वाटतो.

टोनी मॉरिसन यांनी १९८९ मध्ये खंत व्यक्त केली होती की, गुलामांच्या स्मरणार्थ जाऊन बसावे असे स्थळ नाही, रस्त्याकडेचे साधे बाकडेही नाही. ‘बिलव्हेड’ (१९८७) का लिहावी लागली याचेच ते स्पष्टीकरण होते. २००८ साली मॉरिसन यांच्या उपस्थितीत फोर्ट मौल्ट्रीपाशी काळ्या पोलादाचे एक बाकडे बसविण्यात आले. एका कादंबरीवरच्या भाष्यातून निपजलेले हे स्मारक पाहण्यास काही मिनिटे पुरतात, तरी सहलीच्या याद्यांत ते क्वचित असते.

आणि मराठी वाचकास हे परके म्हणण्याची सोयच नाही. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ जोतीराव फुल्यांनी अर्पण केला तो अमेरिकेतील जनतेस, गुलामांच्या मुक्तीसाठी तिने केलेल्या त्यागाबद्दल. यादवी युद्ध संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसून ज्याने हे समुद्रापलीकडचे वर्तमान आपले मानले, त्याची भाषा बोलणाऱ्यांनी चार्ल्सटनला जाऊन केवळ रंगीत घरांसमोर छायाचित्रे काढून परतावे, हे खटकते.

शहर स्वतःही बदलले आहे. जून २०१५ मध्ये मदर इमॅन्युएल चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली. २०१८ मध्ये नगरपरिषदेने गुलामगिरीबद्दल माफी मागितली. २०२० मध्ये गुलामगिरीचा कैवारी जॉन कॅल्हून याचा पुतळा उतरविण्यात आला. गॅड्सडेन्स व्हार्फ या ज्या धक्क्यावर हजारो माणसे विक्रीसाठी उतरविली गेली, तेथे जून २०२३ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे संग्रहालय उघडले. ती इमारत अठरा खांबांवर उचललेली आहे, जेणेकरून खालची जमीन मोकळी राहावी. खाली उथळ पाण्याचा एक हौद आहे. पाणी ओसरले की जहाजात दाटीने झोपविलेल्या माणसांच्या आकृत्या तळाशी दिसू लागतात, पाणी चढले की झाकल्या जातात. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी पहिला दिवस येथे द्यावा आणि रेनबो रो दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी.