नानांचा हात आणि मोटरची नजर

दिवाळीच्या अंकात चकली-चिवड्याच्या गोष्टी कराव्यात, हे मला का कळत नाही? पण यंदा माझ्या डोक्यात शिरली आहे ती एक मोटर! वाचकहो, त्याला इलाज नाही.

माझ्या पुतण्याचा भोसरीला छोटासा कारखाना आहे. खंडेनवमीच्या पूजेला त्याने मला बोलावले होते. सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या यंत्राला झेंडूची भली मोठी माळ घातली होती. कोपऱ्यातल्या जुन्या लेथलाही एक माळ होती. ती नानांनी स्वतःच्या पैशाने आणलेली. तीस वर्षे त्या लेथवर काढलेला हा माणूस. हातात फडके होते, पण हात अगदी स्वच्छ होते. ते पाहून माझ्या पोटात कालवले.

"काका, ही सर्व्हो मोटर," पुतण्या कौतुकाने सांगू लागला. "साधी मोटर नुसती फिरते. हिच्या पाठीशी एन्कोडर आहे. तो एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग मोजतो! या पेटीत ड्राइव्ह. मोटरने कुठे जायचे आणि ती कुठे पोचली, यातला फरक तो सतत पाहतो आणि लागेल तेवढाच जोर देतो. ही छोटी डबी म्हणजे पॉवर सप्लाय. २३० व्होल्टची वीज घेऊन सेन्सरना २४ व्होल्ट डीसी पुरवते."

अशा मोटरी करणाऱ्या जपानच्या यास्कावा कंपनीची हकीकत मोठी मौजेची आहे. १९१५ साली क्यूशू बेटावर ती निघाली, तीही कोळशाच्या खाणवाल्या घराण्यातून. प्रारंभी खाणींसाठी मोटरी केल्या. १९५८ साली तिने फिरता भाग अगदी हलका असलेली मोटर काढली. हलकी, म्हणून क्षणात धावणारी आणि क्षणात थांबणारी! १९६९ साली तिथल्याच तेत्सुरो मोरी या इंजिनियरने यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची गाठ मारून 'मेकॅट्रॉनिक्स' हा शब्द घडवला. कंपनीने तो आपल्या नावे नोंदवला, पण पुढे हक्क सोडून जगाला वापरू दिला.

नारळ फुटला. मुहूर्ताचा नग काढायला यंत्र सुरू केले, आणि थोड्याच वेळात ते थांबले. पडद्यावर एक आकडा लुकलुकू लागला. "ओव्हरलोड! मोटर गेली वाटते," पुतण्याचा चेहरा पडला.

नाना पुढे झाले. वीज बंद करायला लावून त्यांनी झाकण काढले आणि मळसूत्रावरून बोट फिरवले.

"मालक, मोटर ठीक आहे. इथे तेलच पोचत नाही. नळी तुंबली असेल. ती बिचारी जोर लावून लावून थकली."

खरेच तसे निघाले. इतके दिवस मोटर जास्त जोर लावून माप बरोबर राखत होती, म्हणून दुखणे कुणाला दिसले नव्हते!

परतताना मी पुतण्याला विचारलेच, "नानांचे पुढे काय?"

"नाना राहतील, काका. पण त्यांच्या हाताखाली दोन पोरे घ्यायची होती, ती आता नाही घेणार." तो खोटे बोलला नाही, एवढे खरे.

दसऱ्याला सोने द्यायला नानांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी यंदाच मेकॅट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेली आहे. ती देवापुढच्या समईत तेल घालीत होती.

"म्हणजे काय ग असते ते?" नानांनी विचारले.

"बाबा, मी आता काय करतेय? डोळा तेलाकडे आहे. कमी दिसले की हात वाकतो, भरत आले की आवरतो. मोटरलाही तसा डोळा दिलाय, एवढेच."

नाना बराच वेळ समईकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "त्या यंत्राचे इंग्रजी पुस्तक मालकांकडून मागून आणतो. दिवाळी झाली की रोज अर्धा तास मला वाचून दाखवशील?"

"रोज एक तास," ती म्हणाली.

त्यांच्या हाताखाली न येणाऱ्या त्या दोन पोरांचे काय, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. यंदा फराळाचे ताट पुढे आले, की मला त्यांची आठवण होणार आहे. तुम्हालाही व्हावी, म्हणून ही मोटरची गोष्ट.