मोनालिसाच्या आधी सासवणे

आपल्या ओळखीतलं कुणी ना कुणी आता परदेशात शिकायला जातंच. मग ठरलेला फोटो इन्स्टावर येतो. मागे मोनालिसा, मध्ये वर धरलेले शंभर मोबाइल आणि कोपऱ्यात आपला माणूस. ‘कशी होती रे?’ विचारलं की उत्तर येतं, ‘छोटीशीच आहे.’

रांग लावली, फोटो काढला, झालं. पण पाहिलं काय?

मला वाटायचं, आपल्याला पाहायला कुणी शिकवलेलंच नाही, तर करणार काय! लंडनला मास्टर्सला गेलेल्या माझ्या मैत्रिणीने ते खोटं ठरवलं. ती पेणची, घरी गणपतीचा कारखाना. अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे तिने ‘स्मॉल बिझनेस’ लिहिलं होतं. ‘गणपती करतात’ लिहायची लाज वाटली, हे तिनेच मला सांगितलं.

एका रविवारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तिचा व्हिडिओ कॉल आला. समोर पाच मीटरहून उंच डेव्हिड. ‘अगं, हे सगळं प्लास्टर आहे! साच्याचे सांधे शोधतेय!’

खरंच, १८७३ साली उघडलेल्या त्या दालनांत युरोपातल्या नामांकित शिल्पांच्या प्लास्टरमधल्या प्रतिकृती आहेत. रोमचा ट्राजन स्तंभ तर छताखाली मावत नाही म्हणून दोन तुकड्यांत उभा केलाय. एवढा खटाटोप कशासाठी? ज्यांना इटलीला जाणं परवडत नाही, त्या विद्यार्थ्यांनाही मायकेलअँजेलोच्या कामासमोर उभं राहता यावं म्हणून. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीच.

लोक फोटो काढून पुढे सरकत होते आणि ही साचा किती तुकड्यांत घेतला असेल, याचा हिशेब मांडत होती. ही नजर तिला कुठल्या युनिव्हर्सिटीने दिली नव्हती. शेडमध्ये मूर्तीला पॉलिश पेपर मारताना, डोळ्यांची आखणी बघत बसताना ती आली होती. पीओपीचा वाद पेणकरांना सांगायला नको, आणि पाण्याचं प्रदूषण हा प्रश्न खराच आहे. पण माती बदलेल, मटेरियल बदलेल. हातातलं कसब लपवायचं कारण नाही.

या वाटेने आपल्याच जिल्ह्यातला एक मुलगा शंभर वर्षांपूर्वी गेलाय. विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१, गाव सासवणे. घरात गणपती घडायचे. त्याने देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि पोरगा जे. जे. स्कूल ऑफ आर्टला पोचला. १९२०मध्ये तो लंडनला शिकायला गेला. परत येऊन पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्याने घडवला, १९२८ साली. एवढं जग पाहून आलेल्या या शिल्पकाराने पुढे घडवलं काय, तर आपली कोळी माणसं, घरचा कुत्रा, म्हैस! ती सगळी आज सासवण्याला त्यांच्या घरीच, संग्रहालयात आहेत. पेण असो की रोहा, अलिबागची एसटी पकडायची आणि तिथून मांडव्याच्या वाटेवर सासवणे. तुमच्या वर्गातल्या किती जणांनी ते पाहिलंय? हात वर करा बघू.

परदेशातली म्युझियम्स बघू नका, असं मी म्हणत नाही. जाच! ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट इथली कायमची दालनं फुकट आहेत. पॅरिसला शिकत असाल तर २६ वर्षांखालच्या तिथल्या रहिवाशांना लूव्रमध्येही तिकीट नाही. फक्त एका दिवसात सगळं उरकायची यादी करू नका. दोनच गोष्टी निवडा आणि ‘हे केलं कसं असेल?’ एवढं विचारत उभे राहा.

आणि त्याचा सराव इथेच करा. आपल्या कॉलेजांच्या सहली वॉटर पार्कला जातात, जाऊ देत. पण वर्षातून एक दिवस सकाळी हमरापूर-जोह्यातले कारखाने आणि दुपारी सासवणे, एवढी मागणी तरी आपण प्राचार्यांकडे करू या. बसभाड्यापलीकडे त्याला फारसं काही लागत नाही.

राहता राहिला तो फॉर्म. वडिलांचा व्यवसाय नीट लिहा.