राक्षसाचा पुतळा आणि आमची उंची

टोकियोकरांनी आपल्या शहरात चित्रपटातील राक्षसाचा पुतळा उभारला, हे ऐकून आमच्यातील पुष्कळ सुशिक्षित नाक मुरडतात. नगराची खूण म्हणून थोर पुरुष हवा, हा अक्राळविक्राळ सरडा कशाला, असा त्यांचा सवाल. या सवालात आम्हांस विचारापेक्षा आढ्यताच अधिक दिसते.

गोडझिला हा निव्वळ पोरखेळ नव्हे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांत हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सर्गी राख एका जपानी मासेमारी नौकेवरील २३ खलाशांच्या अंगावर पडली आणि सप्टेंबरात त्यांतील एक दगावला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा चित्रपट झळकला. बॉम्बने जागा झालेला प्राणी त्यात टोकियो जाळतो. १९४५ ची आग पाहिलेल्या प्रेक्षकांना ती राख ओळखीची होती. त्या प्राण्याचा पुतळा हे त्या भयाचे स्मारक होय.

आणि राक्षसाचे आम्हांस वावडे होते कधी? चालुक्यांच्या देवळांत कीर्तिमुख आ वासून बसलेले असते. गोमंतकात नरकासुर रात्रभर मिरवतो व चतुर्दशीच्या पहाटे जळतो. भयाला तोंड दिल्यावाचून देवाकडे जाता येत नाही, हे आमचे पूर्वज जाणून होते.

तथापि टोकियोची आम्ही आरती ओवाळणार नाही. शिंजुकू भागात २०१५ पासून त्याच राक्षसाचे मस्तक हॉटेल व चित्रपटगृहाच्या इमारतीवरून डोकावते, आणि त्याला पर्यटनाचा दूतही नेमले गेले. भयाची जाहिरात झाली की भय मेलेच म्हणावे.

परंतु आम्हांस हसण्याचा अधिकार कोठला? आमच्या कोहिनूरहून बसवकल्याणास गेलेल्यास तेथे २०१२ मध्ये उभारलेली बसवेश्वरांची १०८ फुटी मूर्ती दिसते. तीपुढे आम्हीही मस्तक नमवितो. पण पाहुण्यास आम्ही प्रथम सांगतो काय? फूट! ज्या महात्म्याने स्थावराहून जंगम श्रेष्ठ मानले, देहालाच देऊळ केले, त्याची ओळख आम्ही टेपाने करून देतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे शेजारच्या किल्लारी परिसरात सुमारे १०,००० माणसे मेली. भूमी हादरली खरी, पण जीव घेतले ते चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व मातीच्या जड धाब्यांनी. तशा भिंती आमच्या खेड्यांत अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या आडोशाला पोरे निजतात. आमचा राक्षस तो हा. त्याला शेपूट नाही, म्हणून तो आम्हांस दिसत नाही इतकेच.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, थोरांच्या मूर्तींबरोबर गावाच्या भयालाही वेशीवर जागा द्यावी. पुरुषभर उंचीची एक दुभंगलेली भिंत पुरे. तिच्याखाली मृतांचा आकडा कोरा. आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड कसे घालावेत, वरून पट्टा कसा बांधावा, तेही कोरा. ती पाहून एखाद्याने घरी जाऊन आपली भिंत चाचपली, तर १०८ फुटांनी जे साधले नाही ते तिने साधले असे आम्ही समजू.